खडूने लिहिलेला शेवट

मी एक टेबल आहे. सहा फूट लांब, चार फूट रुंद. एका माणसानं माझ्यावर तळहात ठेवून शब्द दिला होता आणि त्याच माणसानं तो शब्द ओल्या फडक्यानं माझ्या अंगावरून पुसून टाकला. लाकडाला काय कळतंय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी जे पाहिलं ते आज सांगणारच आहे.

माझा जन्म १९८४ सालचा, उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधला. टहलराम शेठच्या जीन्सच्या कारखान्यात एका सुतारानं खोक्यांच्या फळ्यांपासून माझे पाय केले आणि वर जाड प्लायवूड ठोकलं. माझ्यावर कापडाचे वीस-वीस थर अंथरायचे. कटिंग मास्टर खडूनं खुणा करायचा आणि मग कापायचं मशीन घरघरत फिरायचं. त्या पात्याचे ओरखडे अजून माझ्या कडेला आहेत. मला त्यांचं वाईट वाटत नाही. ते कामाचे ओरखडे आहेत.

पाच वर्षांनी शेठनं माझ्यापेक्षा लांब टेबल आणलं. मी वाटेत आलो. कारखान्यात दोरे कापायला येणाऱ्या द्रौपदीबाई तिथंच बसल्या होत्या. शिवून झालेल्या पँटींना दोऱ्यांची टोकं लोंबत असतात, ती छोट्या कात्रीनं कापायचं त्यांचं काम.

"द्रौपदी, ये ले जा," शेठ म्हणाला. "टेबल नहीं है, जहाज है. मेरा रस्ता बंद करून ठेवलाय."

"जहाज ठेवू कुठं शेठ? माझ्या घरात दोन खोल्या."

"तेरा लडका पढता है ना? उसको बिठा इसपे."

म्हणून मी त्यांनी घरी करायला घेतलेल्या जीन्सच्या गठ्ठ्यांबरोबर टेम्पोत बसून अंबरनाथला आलो. दार बिजागऱ्यांतून काढून मला आत घ्यावं लागलं. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. त्याच भिंतीला मला टेकवलं.

द्रौपदीबाईंचा मुलगा धर्मराज. बी.ए. झाला आणि नोकरीचे अर्ज करायचे सोडून दादरच्या एका छोट्या संस्थेत सिनेमा शिकायला जाऊ लागला. घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईनं माझ्या बरोबर मध्यावर खडूनं एक रेघ मारली.

"हिकडं माझ्या पँटी, तिकडं तुझा सिनेमा. दोऱ्यांचा कचरा तुझ्यात आला तर बोलायचं नाही."

मला तो मुलगा आवडला. खरं सांगतो, फार आवडला. त्याच्या अर्ध्या भागावर काय काय असायचं! दुधाच्या पावडरीच्या डब्याला भोकं पाडून केलेला दिवा. एक भिंग. संस्थेच्या कचऱ्यातून उचलून आणलेल्या फिल्मच्या पट्ट्या, त्या सुतळीला चिमट्यांनी टांगलेल्या. एक जुना टेपरेकॉर्डर, ज्याचं झाकण रबरबँडनं बंद राहायचं. कागद महाग म्हणून तो प्रसंग लिहायचा ते जीन्सच्या बाद झालेल्या पुठ्ठ्याच्या लेबलांवर. एका लेबलावर एक प्रसंग. मग ती लेबलं माझ्यावर मांडायची, हलवायची, पुन्हा मांडायची, आणि त्यांच्यामधून माझ्या अंगावर थेट खडूनं बाण काढायचे. सगळ्यात शेवटी, उजव्या कोपऱ्यात, चौकट करून शेवट लिहायचा. शेवट तो कधी लेबलावर लिहीत नसे. म्हणायचा, लेबल हरवतं, टेबल हरवत नाही.

कामाला बसायची त्याची तऱ्हाही न्यारी. आधी सहा पेन्सिली तासायच्या. मग दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातून आईकडे बघायचं. मग चहा. मग पुन्हा पेन्सिली.

"पेन्सिली छिलून झाल्या की पिच्चर झाला का रे?" आई विचारायची.

"अगं आई, विचार चालू असतो."

"तुझा विचार चालू असतो तोवर माझ्या चाळीस पँटी होतात."

पण एकदा लिहायला लागला की त्याचा गुडघा माझ्या पायाला लागून सारखा हलायचा आणि माझं सगळं अंग थरथरायचं. आपल्या माणसांच्या गोष्टी आपणच सांगायच्या, असं तो मोठ्यानं म्हणायचा. दुसरे येतात आणि आपल्याला रडकं करून दाखवतात, म्हणायचा. मी ते खरं मानलं. मी एक कापायचं टेबल, पण मला वाटायला लागलं की माझ्यावर काहीतरी मोठं घडणार आहे.

१९९१ च्या हिवाळ्यात नवसी आली. वांगणीच्या पलीकडे डोंगराला लागून तिची वाडी. भातकापणी संपली की ती चार महिने अंबरनाथला लेकीकडे यायची आणि द्रौपदीबाईंबरोबर दोरे कापायची. माझ्या आईच्या बाजूला, म्हणजे द्रौपदीबाईंच्या बाजूला (त्यांना मी मनात आईच म्हणतो), एक डबा उलटा ठेवून ती बसायची. कात्री चालवताना तिचं तोंडही चालायचं. एकदा तिनं गोष्ट सांगितली आणि धर्मराजची पेन्सिल हातातच राहिली.

वाडीच्या झऱ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर मुंबईच्या एका शेठनं फार्महाऊस बांधलं आणि वाट काटेरी तारेनं बंद केली. बायका महिनाभर लांबच्या वळणानं पाण्याला गेल्या. मग एक दिवस नवसीनं कोयत्यानं तार तोडली आणि हंडा घेऊन सरळ गेली. दुसऱ्या दिवशी वॉचमननं तार जोडली. तिनं पुन्हा तोडली. असं एकोणीस दिवस. शेवटी तारेचा खर्च परवडेना म्हणून शेठनं तिथं स्वतःच लोखंडी फाटक बसवलं.

"आन् मंग मला म्हनतो, बाई, जाताना फाटक लावत जा, बकऱ्या येतात," नवसी सांगत होती. "मी म्हनलं, फाटक तुजं हाय, तू लाव. माज्या डोक्यावर हंडा हाय, दिसत नाय का?"

आई इतकी हसली की तिच्या मांडीवरची पँट खाली पडली. धर्मराज उठून उभा राहिला.

"मावशी, हाच माझा सिनेमा! शेवटच्या वर्षाचा सिनेमा करायचाय मला. तुमची गोष्ट द्याल?"

नवसीनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "सांग गं. माझं पोर आहे, दगा द्यायचा नाही."

मग पंधरा दिवस टेपरेकॉर्डर माझ्यावर फिरत होता. तीन कॅसेटी भरल्या. शेवटच्या दिवशी नवसी गंभीर झाली.

"बाकी तुला काय करायचं ते कर. माजं नाव बदल, लुगडं बदल. पन मला रडकी दाखवू नको. शेवट हाय तसा ठेव. चैत लागला की मला त्याच फाटकातनं पान्याला जायाचंय. तो वॉचमन टपूनच हाय. मी रडले असं त्याला कळलं, तर उद्या परत तार."

धर्मराजनं माझ्यावर तळहात ठेवला. "या टेबलावर हात ठेवून सांगतो मावशी. शेवट बदलणार नाही."

त्याचा हात गरम होता. त्याच दुपारी त्यानं उजव्या कोपऱ्यात चौकट काढली आणि लिहिलं: फाटक उघडं. नवसी हंडा घेऊन जाते. मागे वळून बघत नाही. हसते.

महिनाभर ती चौकट माझ्यावर होती. आई पुसतानासुद्धा तेवढा कोपरा सोडून पुसायची.

मग एका दुपारी धर्मराज त्याच्या मित्राला, मधूला, घेऊन आला. मधू संस्थेत कॅमेरा शिकायचा आणि हा सिनेमा तोच टिपणार होता. आई गठ्ठा पोचवायला गेली होती. संस्थेतल्या सरांनी गोष्ट वाचून शेवट बदलायला सांगितला होता.

"सर काय गलत बोलले सांग ना," मधू माझ्यावर बसत म्हणाला. "फाटक लागलं, बाई हसली, पिच्चर खतम? ये तो कॉमेडी हो गया यार."

"पण तसंच घडलंय."

"घडलं असेल. सर म्हणाले ना, बघणारा घरी जाताना जड झाला पाहिजे. बाई हसली की लोक पण हसणार, आणि चहा प्यायला जाणार. तुला बक्षीस पाहिजे की नको? बक्षीस मिळालं तर पुढचा सिनेमा. पुढचा सिनेमा म्हणजे अजून दहा नवसी. एकीच्या शब्दाला धरून बसलास तर दहा जणींचं काय?"

 तीन दिवस धर्मराजनं पेन्सिली तासल्या. मी वाट बघत होतो. मला खात्री होती, अगदी खात्री, की तो उठेल आणि दादरला जाऊन सरांना सांगेल की शेवट हाच राहील. चौथ्या दिवशी तो उठला, मोरीतून ओलं फडकं घेऊन आला आणि माझा उजवा कोपरा पुसला. एकदा पुसून खडू जाईना. मग घासला.

आई आत आली. "काय पुसतोस रे?"

"काही नाही. चहा सांडला."

चहा सांडला नव्हता. त्या दिवशी घरात दूधच आलं नव्हतं.

सिनेमा झाला. बक्षीसही मिळालं, एका स्पर्धेत दुसरं. पेपरात चार ओळी आल्या. पुढच्या हिवाळ्यात नवसी लेकीकडे आली तसं आईनं तिला बोलावून घेतलं. रविवारी सकाळी धर्मराजनं भाड्यानं टीव्ही आणि व्हीसीआर आणला आणि दोन्ही माझ्यावर ठेवले. कुठं ठेवणार दुसरीकडं? मीच मोठा होतो. जे घडणार होतं ते मला पाठीवर घेऊन उभं राहावं लागलं.

बावीस मिनिटांचा सिनेमा. सुरुवातीला नवसी खूश होती. "बघ बघ, हंडा मस्त हाय! कोयता मातूर उलटा धरलाय हिनं." सगळे हसले. तार आली, वॉचमन आला. मग नटीनं तार तोडली, वॉचमननं तिला ढकललं, हंडा खाली पडून चेपला, आणि ती तारेला धरून खाली बसली आणि रडू लागली. चित्र तिथंच थांबलं. सनई वाजली. नावं आली.



"ही कोन?" नवसीनं विचारलं.

"तुम्हीच की मावशी," धर्मराज म्हणाला. "म्हणजे तुमच्यासारखी. प्रतीक म्हणून."

"मी कवा बसले? मंग त्या दिसाचं पानी कोनी आनलं?"

"मावशी, हे बघून लोकांना चीड यावी म्हणून तसं केलं."

"चीड मला आलती. म्हून तर तार तोडली. लोकांना चीड यायला मला कशाला बसवतोस?"

धर्मराज भराभर बोलायला लागला. सर असं म्हणाले, स्पर्धा अशी असते, पुढच्या सिनेमात तो सगळं खरं दाखवील. आई माझ्याजवळ आली. तिनं उजव्या कोपऱ्यावरून हात फिरवला. तिथं प्लायवूड घासून पांढुरकं झालं होतं.

"चहा सांडला होता म्हणालास," ती एवढंच म्हणाली.

मग तिनं फळीवरच्या तिन्ही कॅसेटी काढल्या आणि नवसीपुढं धरल्या. "तुझा आवाज आहे. तू ने. माझ्या शब्दावर तू बोलली होतीस."

नवसी उठली, पदर खोचला. "मी काय करू नेऊन? माज्याकडं त्ये ऐकायला पेटी बी नाय. आन् काय झालं ते मला म्हाईत हाय. ज्याला म्हाईत नाय, त्यानं ऐकावं." तिनं कॅसेटी धर्मराजच्या हातात ठेवल्या आणि गेली. त्या हिवाळ्यापासून ती दोरे कापायला दुसरीकडे बसू लागली.

आता १९९७ साल आहे. आम्ही बदलापूरला, कुळगावात, इमारतीत राहायला आलो. धर्मराज अंधेरीला असतो, मालिका लिहितो. मी खडूची रेघ नसलेलं, आईचं अख्खं टेबल आहे.

गेल्या रविवारी तो टेम्पो घेऊन आला. त्याला नवं ऑफिस मिळालंय. बरोबरच्या माणसांना सांगत होता, "यावरच पहिला सिनेमा लिहिला. हे माझ्या केबिनमध्ये पाहिजे. लोकांना दाखवायला." त्यानं माझ्या कडेवरून हात फिरवला. हात आता थंड होता, एसी गाडीतून उतरलेला.

आईनं काही वाद घातला नाही. कोपऱ्यातला गठ्ठा उचलला, माझ्यावर ओतला आणि कात्री घेतली.

"टेबल कामात आहे," ती म्हणाली.

 टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत होता. मग ते गेले.

धर्मराज, मला तुझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. तू वाईट असतास तर मी केव्हाच विसरलो असतो. तू खरं बोलणारा होतास आणि तुला खरं पुरेसं वाटलं नाही, हे मला सोसत नाही. मला तुझ्या केबिनमध्ये यायचं नाही. हात फिरवून घेण्याएवढा मी अजून रिकामा झालेलो नाही. तुझ्याकडे त्या कॅसेटी असतील तर एकदा ऐक, आणि मग वांगणीला जा. नवसीसमोर उभा राहा. माझ्याकडे माफी मागू नकोस. मी साक्षीदार आहे, शब्द तिला दिला होतास.