हेल्मीबाईंच्या नावाभोवतीची कोरी जागा

मित्रांनो, मी एक जुनी फोटोओळ आहे. तुम्ही चित्र पाहता, माझ्यावरून ओझरती नजर फिरवता आणि पान उलटता. त्याचा मला राग नाही. देवापुढच्या समईकडे तरी निरखून कोण पाहतो?

माझा जन्म अमेरिकेतल्या डुलुथ गावी, सुपीरियर सरोवराच्या काठी झाला. संशोधक कॉलीन तेव्हा एका नियतकालिकासाठी बर्फावर शोधनिबंध लिहीत होती. साध्या अक्षरांच्या फाइलीत तिने एक उद्गारचिन्ह टाकले, चौकोनी कंसात मला बसवले आणि शेजारच्या गोल कंसात चित्राच्या फाइलीचे नाव लिहिले; 'इथे चित्र लाव, खाली ही ओळ छाप' असे संगणकाला सांगायची ती खूण. चित्र १९६२ सालचे. निळसर, निजलेला बर्फ आणि त्यात पाळण्यातल्यासारखी एक होडी. खाली मी गुणगुणत होते, 'गोठलेले सरोवर. छायाचित्र : हेल्मी सालमेला.'

हेल्मीबाई देवाघरी गेल्या होत्या. त्यांचे यजमान आर्विड, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे मच्छीमार. फोटो देताना ते एवढेच म्हणाले होते, "खाली तिचं नाव पाहिजे. जन्मभर लोक तो मीच काढला असं समजले."

"शब्द दिला, काका," कॉलीन म्हणाली होती.

पुढे परिच्छेद हलवताना तिने मला खालच्या वाक्याला चिकटवले. आमच्यात रीत अशी की, चित्र एकटे उभे असेल तरच त्याची ओळ छापली जाते. गर्दीत चित्र उमटते, ओळ विरून जाते. मी विरले. धुक्यात झोपल्यासारखे वाटले.

एके दिवशी दुपारी अंकाची पाने छापायला जायची होती. सकाळी आर्विडकाका वेलदोड्याचा पाव घेऊन छपाईचा कच्चा नमुना पाहायला आले. "बर्फ आहे, होडी आहे. माझी हेल्मी कुठाय गं?"

कॉलीनचा चेहरा उतरला. तिने अंकाच्या संपादक व्हर्नाबाईंना हाक मारली. "बाई, मशीननं ओळ खाल्ली!"

"मशीनला कशाला नावं ठेवतेस? तूच तिला कोंबलीयस. वर एक ओळ कोरी सोड, खाली एक."

"एवढंच?"

"अगं, चर्चमध्ये गाताना तू मध्ये श्वास घेतेस ना? तिलाही घेऊ दे!"

दोनदा कळ दाबली गेली, आणि बर्फाखाली मी डोळे उघडले. आर्विडकाकांनी जाळी ओढून राठ झालेले बोट त्या नावावर ठेवले. बराच वेळ उचललेच नाही. पाव तसाच राहिला.

आता मी ग्रंथालयात, मिटलेल्या अंकात असते. मित्रांनो, कधी तो अंक उघडलात तर बर्फ डोळे भरून पाहा. मग क्षणभर खाली या. तिथे एक बाई उभी आहे, तिचे नाव हलक्या आवाजात उच्चारा.