घरी काय म्हणतात?

"ज्योत्स्नाबाई, अहो ज्योत्स्नाबाई, डोळे उघडा बरं!"

मोहिनी सिस्टर तिसऱ्यांदा ओरडल्या, तरी स्ट्रेचरवरची बाई ढिम्म हलेना. ऑपरेशन होऊन वीस मिनिटं झाली होती. नवसाबाईने हातातलं ब्लँकेट तिच्या पायांवर टाकलं आणि दार ढकलून ती बाहेर आली. बाकावर पिशव्या आणि थर्मास सांभाळत बसलेल्या माणसांना तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

"पित्ताच्या खड्यावाल्या बाईचं कोण हाय? घरी काय म्हणता तिला?"

"चिमणी," एक म्हातारी घाबरून म्हणाली. "का वं? काय झालं माझ्या चिमणीला?"

"काय नाय झालं. बसा."

आत येऊन नवसाबाई पेशंटच्या कानाशी वाकली. "चिमणे, ऊठ गं. लय झोपलीस. आई बाहेर बसलीया."

पापण्या थरथरल्या. "उठते ना," असं काहीतरी पुटपुटत चाळीस वर्षांची ज्योत्स्नाबाई शाळकरी पोरीसारखी कुशीवर वळली. सिस्टर हसल्या.

"मावशी, तुमच्या जिभेत काय आहे हो?"

"जिभेत काय असायचंय शिष्टर? भुलीत माणूस पार आत जाऊन बसतं. तिथवर कागदावरचं नाव पोचत नाय."

इंदिरानगरातल्या त्या दवाखान्यात नवसाबाई आयाबाई म्हणून लागली त्याला आता, म्हणजे दोन हजार सहा साली, बारा वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी तिला 'रिकव्हरी'त काम आहे म्हणून सांगितलं, तेव्हा ती परतच निघाली होती. तिच्या गावाला रिकव्हरी म्हणजे पतसंस्थेची कर्जवसुलीची जीप. ती आली की बाप्ये मागच्या दाराने मळ्यात पसार होत आणि बायका "घरी नाहीत" म्हणून सांगत. कुणाच्या म्हशी सोडून आणायचं काम आपल्याच्याने होणार नाही, असं तिने मुकादमाला ठणकावलं. मुकादम पोट धरधरून हसला. मग मोहिनी सिस्टरनी तिला ऑपरेशन थिएटरशेजारची ती खोली दाखवली. तीन खाटा, ऑक्सिजनच्या नळ्या, आणि भूल उतरायची वाट बघत पडलेली माणसं.

पुढे शाळेत जाणाऱ्या मनीषाने, तिच्या मुलीने, पुस्तकात बघून सांगितलं, "आई, रिकव्हर म्हणजे गेलेलं परत मिळवणं."

"हे बरंय," नवसाबाई म्हणाली होती. मनीषाचे बाबा तेव्हा ओसरीवर गुलाबांच्या जुड्या बांधत बसले होते. "म्हणजे तुझी आई आता वसुलीची साहेबीण झाली म्हणायची," असं ते म्हणाले आणि तिघं हसली.

तर अशी ही नवसाबाई. शेकडो माणसं तिच्या हाकेने जागी झाली. वकील झाले, मास्तर झाले, एक तर नगरसेवक होता. त्याला घरी 'बबड्या' म्हणतात हे कळल्यावर तिने जरा घसा खाकरला, पण हाक मारलीच. तो जागा झाला आणि घरी जाईपर्यंत तिच्याकडे संशयाने बघत राहिला. हाक मारायला तिला कधी लाज वाटली नाही. फक्त एक नाव तिच्या तोंडून येत नसे. मल्हारी नावाचा पेशंट आला, की ती गुपचूप ट्रे धुवायला न्हाणीकडे निघून जाई. मोहिनी सिस्टरही मग स्वतःच हाका मारत. सिस्टरना ठाऊक होतं. त्या तेव्हा तिथेच होत्या.

मल्हारी हे नवसाबाईच्या नवऱ्याचं नाव. मखमलाबादकडे त्यांचा अर्ध्या एकराचा गुलाबाचा मळा. रोज पहाटे तो सायकलला टोपली बांधून फुलबाजारात जायचा. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली, तेव्हा नवसाबाईने त्याचं नाव इतकं हळू घेतलं होतं की बायकांनी तिला तीनदा घ्यायला लावलं. त्यानंतर नाव नाही. आधी "अहो", मग "मनीषाचे बाबा". चंपाषष्ठीला तळी उचलताना सगळं घर 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणून गर्जायचं, तेव्हा ही नुसते ओठ हलवायची. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईने. तो चिडवायचा, "दवाखान्यात गावभरची नावं घेतीस, माझंच तेवढं काय घोडं मारलंय?" ती म्हणायची, "तुम्हाला शंभर वर्षं जगवायचंय मला."

अठ्ठ्याण्णवच्या मार्गशीर्षात पेठ रोडला मागून ट्रकचा धक्का लागला. लोकांनी त्याला रिक्षात घातलं आणि हिच्याच दवाखान्यात आणलं. डोक्याचं ऑपरेशन झालं, ते नीट झालं, पण भुलीचा अंमल संपला तरी तो जागा होईना. पहिल्या दिवशी मोहिनी सिस्टरनी हाका मारल्या. त्याची आई धोंडाबाई "मल्हारी, माझ्या राजा" म्हणत घसा बसेपर्यंत ओरडली. काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नवसाबाई त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, ऐकताय ना?"

आणि त्याची पापणी हलली.

भुलीचे डॉक्टर पायाशी उभे होते. ते पटकन पुढे आले. "बाई, तुमचा आवाज लागतोय त्यांना. सोडू नका. नाव घेऊन हाक मारा, मोठ्यानं."

नवसाबाईने तोंड उघडलं. तेवढ्यात तिच्या मनगटाभोवती धोंडाबाईचा हात आवळला. म्हातारी वाईट नव्हती. तिचं एकुलतं एक पोर समोर पडलं होतं.

"नवसे, नाव नको घेऊ गं," ती हात न सोडता म्हणाली. "आधीच किती उरलंय त्याचं, देवाला ठावं. त्यातलं अजून कमी करू नको."

"आई, बोल ना," मनीषा रडत होती. "तू सगळ्यांना उठवतेस!"

नवसाबाईने पुन्हा "अहो" म्हटलं. मग "मनीषाचे बाबा" म्हटलं. शंभर वेळा म्हटलं. पापणी पुन्हा हलली नाही. नाव अगदी दातांपर्यंत येऊन उभं राहत होतं आणि ती ते गिळत होती. आजचा दिवस बघू, तिने ठरवलं. उद्यापर्यंत उठले नाहीत तर घेईन, मग काय व्हायचं ते होवो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो गेला.

डॉक्टरांनी तिला नंतर बसवून सांगितलं, "मार फार होता हो. हाकेनं काही झालं नसतं." तिने मान हलवली. ते चांगले गृहस्थ होते आणि चांगली माणसं असं सांगतातच. धोंडाबाई पुढे पाच वर्षं जगली. दोघी एका चुलीवर जेवल्या, एका मळ्यात फुलं तोडली, पण त्या दुपारबद्दल दोघींनी कधी अवाक्षर काढलं नाही.

ज्योत्स्नाबाईला वर हलवेपर्यंत दोन वाजले. त्यानंतरची केस हर्नियाची होती. बाळासाहेब, वय तीस, सिन्नरकडचा. श्वास चांगला, नाडी चांगली, पण गडी डोळे उघडायला तयार नाही. भुलीचे डॉक्टर त्याला तपासून पुढच्या ऑपरेशनला आत गेले होते. मोहिनी सिस्टर पलीकडच्या खाटेवर एका म्हाताऱ्याची उलटी आवरत होत्या.

"मावशी, तुम्हीच बघा हो त्याच्याकडे!"

"बाळासाहेब! ओ बाळासाहेब!" काही नाही. नवसाबाई सवयीने बाहेर आली.

"हर्नियावाल्याचं कोण? घरी काय म्हणता त्यांना?"

एक पंचविशीची बाई उठून उभी राहिली. तिने ओठ उघडले, मिटले आणि पदराचं टोक तोंडाला लावलं. "मी कसं सांगू, मावशी?"

नवसाबाई तिच्याकडे बघत राहिली. शेजारच्या गड्याने मान वर केली. "मी झुंबर, त्याचा भाऊ. मल्हारी म्हणतो आम्ही त्याला. बाळासाहेब नुसतं शाळेच्या दाखल्यावर हाय."

"काय?"

"मल्हारी."

ती आत आली. न्हाणीचं दार उजव्या हाताला होतं, आणि ट्रेही धुवायचा होता. सिस्टरना सांगावं, तर त्यांचे दोन्ही हात भरलेले. नवसाबाई खाटेशी गेली आणि वाकली.

"अहो," तिच्या तोंडून निघालं.

तो हलला नाही. तिने खाटेची कड धरली.

"मल्हारी."

पुढेमागे उखाणा नसलेलं ते नाव तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं, स्वतःच्या आवाजात. काही झालं नाही. छत जागेवर होतं. म्हाताऱ्याची उलटी चालूच होती.

"मल्हारी," ती जरा मोठ्याने म्हणाली. मग तिला थांबताच येईना. "मल्हारी, उठा. उठा ना, मल्हारी. लय उशीर झाला. फुलं सुकून चालली."

गड्याने डोळे उघडले. त्याने आधी छताकडे, मग तिच्याकडे बघितलं. "कुठली फुलं?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"जीभ दाखवा."

त्याने जीभ दाखवली.

"मान उचला."

त्याने मान उचलली. सगळं ठीक होतं. तिने त्याच्या गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढलं, तोंडाच्या कडेची लाळ पुसली आणि पुन्हा म्हणाली, "मल्हारी." आणि पुन्हा.

मोहिनी सिस्टर हात पुसत जवळ आल्या. त्यांनी पेशंटकडे बघितलं, मग नवसाबाईकडे. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मावशी, उठलाय तो," त्या हळूच म्हणाल्या. "आता बास."

नवसाबाईने पदराने डोळे टिपले आणि दार उघडलं. "या. शुद्धीवर आले. एकच मिनिट हं."

ती बाई चप्पल बाहेर काढून, दबकत आत आली. खाटेशी उभी राहिली, काय करावं ते न सुचून तिने पदर सारखा केला, आणि वाकून म्हणाली, "अहो."

त्याने लगेच तिच्याकडे मान वळवली.

नवसाबाईने हातातलं दार सोडलं. मग तिने ट्रे उचलला आणि ती न्हाणीकडे गेली.