हिरवी बॅटरी

आमच्याकडे नवजात बाळांच्या वॉर्डसाठी श्वास मोजणारी यंत्रं बनतात. त्यातली बारा यंत्रं त्या दिवशी चारच्या गाडीने रुग्णालयात जायची होती. साडेअकराला मावशी माझ्या टेबलाशी आल्या.

"शास्त्रज्ञबाई, तुझ्या कोडमुळे बिल्ड अडलंय."

मावशी आमच्या चाचणी विभागातल्या सगळ्यात जुन्या. ऑपरेटिंग सिस्टिममधले ऐच्छिक भाग एकेक बंद करायचे आणि बिल्ड होतंय का, म्हणजे उरलेला कोड जुळून चालणारा प्रोग्रॅम तयार होतोय का, ते बघायचं, हे त्यांचं रोजचं काम. "मावशींना बंद करण्याचा पगार मिळतो," असं मी एकदा म्हणाले होते. तेव्हा त्या नुसत्या हसल्या होत्या.

"माझ्याकडे तर होतंय," मी म्हणाले.

"होणारच. तुझं मशीन म्हणजे माहेर. तिथे सगळंच हाताशी."

पाहिलं तर त्यांचं खरं होतं. ही बारा यंत्रं बिनबॅटरीची, म्हणून त्यांच्या सिस्टिममधून बॅटरीचा भाग वगळलेला. माझा नवा कोड मात्र त्याच भागातल्या एका फंक्शनला, म्हणजे कोडच्या छोट्या तुकड्याला, विचारत होता, बॅटरी ठीक आहे ना? फंक्शनच नाही म्हटल्यावर बिल्ड थांबलं.

उपाय मला पाठ होता. भाग वगळलेला असेल तेव्हा त्याच नावाचं पोकळ फंक्शन ठेवायचं. ते काही करत नाही, फक्त शून्य परत देतं. दोन ओळींत काम झालं. बाराला बिल्ड झालं आणि मी चहाला उठले.

"बस जरा." मावशींनी नवं बिल्ड एका यंत्रात घातलं. पडदा उजळला, कोपऱ्यात छोटी हिरवी बॅटरी दिसली. त्यांनी भिंतीतला प्लग काढला. पडदा काळा झाला.

"नर्स हिरवं बघणार, प्लग काढणार आणि बाळाला यंत्रासकट शेजारच्या खोलीत नेणार. मग?"

मी परत कोड उघडला. आमच्या कोडमध्ये शून्य म्हणजे 'सगळं ठीक'. नसलेल्या बॅटरीची मी खात्री देऊन बसले होते.

पोकळ फंक्शनने 'ही सोय इथे नाही' असं सांगायला हवं होतं, आणि ते ऐकून पडद्याने 'प्लग काढू नका' असं लिहायला. त्याला दोन तास लागले. मावशी खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि बॅटरी चालू-बंद, अलार्म चालू-बंद अशा चारही जोड्या त्यांनी तपासल्या. साडेतीनला यंत्रं खोक्यांत गेली.

आता फक्त दुरुस्तीचं टिपण राहिलं होतं; ते पाठवल्याशिवाय गाडी सुटत नाही. काय मोडलं, का मोडलं, चूक कोणी दाखवली. शेवटच्या ओळीपाशी मी अडले. दोन वर्षं एकत्र काम करूनही मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव काय हो?"

"का? तक्रार करतेस?"

"आभार मानतेय."

"एक प्लग तर काढला. बंद करण्याचाच पगार मिळतो ना मला."

मी मान खाली घातली. त्या हसल्या आणि त्यांनी नाव सांगितलं. मी ते लिहिलं आणि पाठवण्याआधी त्यांनाच तपासायला दिलं.

चष्मा सावरून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पाठव आता. गाडी थांबलीये."