सगळे दुवे रंगकामाकडे

मित्रांनो, जाडजूड तांत्रिक पुस्तिकेत 'यासाठी अमुक प्रकरण पाहा' अशी निळ्या अक्षरांतली ओळ तुमच्या नजरेखालून गेली असेल. तशीच एक जुनी ओळ म्हणजे मी. मला दुवा म्हणतात. मला स्वतःचे ज्ञान काडीचेही नाही; ज्ञान कुठे राहते, तेवढा पत्ता पाठ असतो. पडद्यावर माझ्यावर बोट ठेवा, मी तुम्हाला तिथे नेऊन सोडतो.

माझा जन्म एका रोपवेच्या देखभाल-पुस्तिकेत झाला. डोंगरावरच्या वस्तीतली मुले या रोपवेच्या डब्यांत बसून खालच्या शाळेत येतात. पुस्तिका लिहिली कार्यालयातल्या आत्यांनी. त्या खऱ्या आत्या फक्त रोपवेच्या यंत्रज्ञ मुलीच्या. पण भाची दिवसभर 'आत्या, आत्या' करी, त्यामुळे त्या साऱ्या कार्यालयाच्याच आत्या झाल्या. विज्ञान शिकलेल्या आत्यांचा स्वभाव असा, की एका घड्याळात बारा वाजले, तर त्या दुसऱ्यात पाहून खात्री करीत.

त्यांनी मला लिहिले: 'ब्रेक सुटत नसल्यास प्रकरण सात पाहा.' मग बोट ठेवून पाहिले, सातवे प्रकरण उघडले, आणि त्या म्हणाल्या, "बरं आहे." आत्यांचे 'बरं आहे' म्हणजे इतरांचे हारतुरे.

पुढची वर्षे मजेत गेली. थंडीत ब्रेक आखडे, भाचीचे ग्रीस माखलेले बोट माझ्यावर पडे, मी तिला सातव्या प्रकरणात नेई आणि डबे पुन्हा हलत. माझे नाव कोणी काढले नाही. वाट बरोबर निघाली, की वाटेची आठवण कोण ठेवतो?

यंदा रोपवेचा परवाना नव्याने मिळायचा होता. तपासनीस येऊन कोणताही बिघाड कल्पून सांगणार आणि यंत्रज्ञाने पुस्तिकेच्या आधाराने तो दूर करून दाखवायचा, असा नियम होता. जमले नाही तर रोपवे बंद, आणि मुलांना शाळेसाठी रोज डोंगराची चढउतार. भाचीची ही पहिलीच तपासणी.

त्याआधी आत्यांनी वारा कसा मोजावा यावर एक नवे प्रकरण लिहिले. ते चौथ्या जागी बसवण्याचे काम भाचीने हौसेने अंगावर घेतले. प्रत्येक प्रकरणाची फाईल वेगळी आणि प्रकरणाचा क्रमांक हेच फाईलचे नाव, म्हणून पुढची सगळी नावे एकेकाने वाढवणे भाग होते. भाची चारची पाच करू गेली, तर संगणक अडला: या नावाची फाईल आधीच आहे. पोरगी हुशार. तिने शेवटून सुरुवात केली; अकराची बारा, दहाची अकरा. काम चोख झाले.

राहिलो आम्ही दुवे, सगळे चौथ्या किंवा त्यापुढच्या प्रकरणांकडे नेणारे. आमच्या बाबतीत संगणक अडत नाही; एकाच क्रमांकाचे कितीही दुवे त्याला चालतात. तिने पुढून सुरुवात केली: जिथे चार तिथे पाच, मग जिथे पाच तिथे सहा. मुळात चार असलेले आणि नुकतेच पाच झालेले दुवेही त्यात सहा झाले! मी सातचा आठ झालो आणि तिथेच थांबायला हवे होते. पण पुढच्या फेरीत नऊ झालो, मग दहा, आणि अखेर साऱ्या बिऱ्हाडासह बाराव्या प्रकरणावर जाऊन आदळलो. बारावे प्रकरण रंगकामाचे.

तुटलेले दुवे शोधणाऱ्या प्रोग्रामने हिरवी खूण दिली. ती खोटी नव्हती. एकही दुवा तुटला नव्हता. सगळे चुकले होते.

"आत्या, झालं! सगळं हिरवं!"

"हिरवं म्हणजे दार उघडतंय. आत कोण राहतं ते बघितलंस का?"

म्हणून तपासणीच्या आदल्या सकाळी तालीम ठेवली. रोपवेच्या चालकाला सगळे डबेकाका म्हणत. तपासनीसाची भूमिका त्यांनी घेतली.

"समज, ब्रेक सुटत नाहीये."

भाचीने माझ्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचले, "'पिवळ्या रंगाचे दोन हात द्यावेत. पहिला हात पूर्ण वाळू द्यावा.'"

"अस्सं! आणि दार अडकलं तर?"

"'पिवळ्या रंगाचे...'"

"आणि आतला माणूस घाबरला तर?"

"काका, गप्प बसा हो!"

"अगं, त्यालाही दोन हात देऊ. वाळेपर्यंत हलायचा नाही!"

भाचीचा चेहरा पडला. "आत्या, उलटं फिरवून सगळ्यांना मागे आणते."

"सगळेच बारा झालेत. कोण मुळात कुठला, हे आकड्यावरून कसं कळणार? जुनी प्रत आहे, पण त्यानंतर मी अर्धी पुस्तिका नव्यानं लिहिलीय."

मी माझा जुना पत्ता आठवून पाहिला; तिथेही बाराच लिहिलेले होते.

"पण तुला कळेल," आत्या म्हणाल्या. "प्रत्येक दुव्याशेजारी एक वाक्य आहे. काका वाचतील, तू सांग."

"'तारेवर बर्फ साचल्यास...'"

"तार!"

"'डब्याचं दार...'"

"दार! काका, पुढचं!"

दुपारपर्यंत त्या कामाचा खेळ झाला. काकांनी वाक्य उच्चारायच्या आत भाची उत्तर देऊ लागली. इतकी वर्षे तिने ते यंत्र उगाच का उघडले होते? 'गंज खरवडून झाल्यावर' हा माझा शेजारी तेवढा मुळातच रंगकामाचा निघाला. चुकीच्या गर्दीत तो एकटा बरोबर होता. तेव्हापासून त्याचे नाक वर आहे.

आत्यांनी फायलींच्या नावांतून क्रमांकच काढून टाकले. आता नावे झाली ब्रेक, दार, वारा, तार. "क्रमांक म्हणजे रांगेतली जागा," त्या म्हणाल्या. "मध्ये कुणी घुसलं की ती सरकते. ब्रेक मात्र ब्रेकच राहतो." मग दोघींनी एकेका दुव्यावर बोट ठेवून प्रत्येकाचे घर तपासले.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. त्यांनी डबे निरखले, कपाळाला आठी घातली आणि विचारले, "ब्रेक सुटत नाहीये. काय कराल?"

भाचीचे बोट माझ्यावर टेकले. मी नेले, आणि ब्रेकचे प्रकरण उघडले. त्यातल्या पायऱ्या तिने करून दाखवल्या; डबे डौलात वर निघाले. बाईंनी परवान्यावर सही केली.

"डबे छान दिसताहेत हो. नुकतेच रंगवलेत?"

"दोन हात दिलेत, बाई!" डबेकाका म्हणाले. भाचीला हसू आवरेना. आत्या मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "पहिला पूर्ण वाळू दिला होता." आणि मग त्याही हसल्या.

मित्रांनो, एखाद्याचे नाव बदलाल, तेव्हा जुन्या नावाने त्याला शोधत येणाऱ्यांचीही सोय करा. आणि हिरवी खूण कितीही छान दिसली, तरी एकदा स्वतः बोट ठेवून पाहा. मला थोड्या गुदगुल्या होतात. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.