बुधीच्या घरचा बंद दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. आवाज कुरकुरीत वाटला तर मनावर घेऊ नका, बिजागऱ्या गंजल्या की आम्हा दरवाजांचं असंच होतं.

माझं अर्धं आयुष्य कल्याणच्या एका प्रार्थनाघरात गेलं. रविवारी सकाळी मला सताड उघडायचे, ते शेवटचा माणूस चहा पिऊन जाईपर्यंत. चपलांचा ढीग, पोरांची रडारड, उशिरा येणाऱ्यांची चोरपावलं, सगळं मी पाहिलं. एकटेपणा मला ठाऊकच नव्हता. मग तिथे काचेचा दरवाजा आला आणि मी जिन्याखाली पडलो.

तिथल्या पाळकसाहेबांनी तरुणांचा एक गट बांधला होता. नोकरी शोधून वैतागलेली, घरच्यांशी धड न बोलणारी पोरंपोरी. "दुसऱ्याच्या घराला हात लावा, आपलं मन ताळ्यावर येतं," असं ते म्हणायचे. गट उंबरमाळीजवळच्या वाडीत जाऊन गरिबांच्या घरांची डागडुजी करायचा. दिवाळीच्या सुट्टीत बुधी नावाच्या म्हातारीच्या घराची पाळी आली आणि टेम्पोत मलाही घातलं.

बुधीच्या घराला तोवर दार म्हणून कारवीच्या काड्यांची विणलेली ताटी होती. पोरांनी ती काढून टाकली आणि मला खालून वीतभर कापून बसवलं. कुणाली नावाची मुलगी त्यांची पुढारी. तिने आतली कडी लावून दाखवली.

"आजी, मंगळूदादा कामाला गेला की दार लावून घेत जा हां."

मंगळू हा बुधीचा लेक. बुधीने मला हात जोडले. "देवाघरचा हाय. तू सांगतंस तसंच करीन गो."

आता इथली रीत ऐका. वाडीत दिवसा कुणी दार लावत नाही. दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर जातात, तेव्हाच काय ती ताटी बांधून टाकतात. बंद दार म्हणजे घर भट्टीवर गेलं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्या शहाण्या पोरांनी हे विचारलं नाही आणि बुधीने भिडेपोटी सांगितलं नाही.

मंगळू बायकोला घेऊन भिवंडीकडच्या भट्टीवर गेला. बुधीच्या अंगात कणकण होती. दिल्या शब्दाला जागून ती कडी लावून निजली. शेजारची शकू रोज पेज घेऊन गप्पा मारायला यायची. ती अंगणात आली, मला बंद पाहून थबकली.

"नेली वाटतं मंगळूनं म्हातारीला. सांगलं बी नाय," एवढं पुटपुटून ती माघारी वळली.

मग बुधीला ताप भरला. "शकू, गो शकू," अशी ती हाक मारायची. ताटीतून ती हाक सहज पलीकडे गेली असती. मी पडलो जाडजूड सागाचा. माझ्यासारखा करंटा मीच.

नशीब म्हणा, राहिलेला रंग लावायला कुणाली परत आली. तिने मला थापा मारल्या.

"घरी कोण नाय, बाय," शकू तिच्या अंगणातून म्हणाली. "भट्टीवर गेलीत."

कुणाली वळली आणि पुन्हा थांबली. "मग बाहेरून कुलूप कसं नाही, मावशी?"

शकूच्या तोंडचं पाणी पळालं. तिचा नवरा झिपरू कुऱ्हाड घेऊन धावला. माझ्यावर घाव बसू लागले. जन्मात पहिल्यांदाच वाटलं, आणखी जोरात मार रे बाबा.

बुधीला झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेलं. मागोमाग अख्खी वाडी गेली. मी उंबऱ्यात आडवा पडून राहिलो.

बुधी वाचली. शहापूरच्या दवाखान्यातून ती परतली, तोवर झिपरूने नवी ताटी विणून लावली होती. कुणाली म्हणाली, "आजी, दरवाजा मी दुरुस्त करून देते. फक्त उघडा ठेवायचा."

बुधीने तिचा हात धरला. "दार झ्याक हाय गो पोरी. पन त्याला बगून मानूस माघारी जातं."

कुणालीला रडू फुटलं. मला रडता येत नाही.

आता मी घरामागे भिंतीला टेकून असतो. पुढून शकूच्या आणि बुधीच्या गप्पा ऐकू येतात, हसणंही येतं. बुधी अजून मला हात जोडते आणि निघून जाते. माझ्यातून कुणी येत नाही, कुणी जात नाही.

तुमच्यापैकी कुणाला हवा असेन तर खुशाल न्या. कुऱ्हाडीचे घाव सोडले तर लाकूड अजून ठणठणीत आहे. एवढंच करा, बसवण्याआधी घरच्या बाईजवळ घटकाभर बसा आणि तिच्याकडे कोण कोण येतं ते विचारा. आणि मला उघडा ठेवा. बंद राहायची मला फार भीती वाटते.