गप्प केलेली स्क्रीन

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रीन आहे. मोबाइलची नव्हे, खाडी ओलांडणाऱ्या प्रवासी लाँचच्या सुकाणूजवळची. नकाशा, इंजिनाची उष्णता, तळाखालच्या पाण्याची खोली, सगळं मी एकटीच दाखवते.

लाँच दोघा भावांची. थोरला कप्तान, धाकटा खाली इंजिन सांभाळी, आणि धाकट्याची बायको तिकिटं फाडी. मी नवी होते तेव्हा कप्तान रोज माझी काच पुसायचा. "ही असली की डोळे मिटून जावं," असं तो उतारूंना कौतुकाने सांगे. मला ऐकून बरं वाटे, आणि भीतीही वाटे.

पाणी उथळ झालं की मी टीं टीं करी. खाडीत गाळ साचत गेला, तशी माझी कटकट वाढली. उतारू वैतागले. शेवटी कप्तानाने माझा आवाज बंद केला आणि खोलीचा आकडा काढून तिथे नकाशा मोठा केला. कोपऱ्यात एक लाल ठिपका तेवढा लुकलुकत राहिला.

मग ती धुक्याची सकाळ आली. लाँच गच्च भरली होती. गाळाचा नवा दांडा, पाण्याखालचा लांब उंचवटा, वाटेत उभा होता. माझ्या नकाशात तो नव्हता, कारण नकाशा कधी बदललाच नव्हता. तळाखालचं पाणी आटत चाललं होतं आणि ते मला एकटीलाच कळत होतं.

धाकट्याच्या बायकोचं ठिपक्याकडे लक्ष गेलं. "भाऊजी, हे लाल काय लुकलुकतंय?"

"तिची जुनी खोड आहे ती."

"खाली यांना विचारून येऊ?"

"अगं, रोजची वाट आहे. नकाशा बघ ना, पाणीच पाणी आहे."

तरीही ती जिन्याकडे वळली. तेवढ्यात तळ करकरत घासला आणि लाँच जागच्या जागी थांबली. माणसं एकमेकांवर कोसळली. जिन्यातून तिने नवऱ्याला हाक मारली. उत्तर आलं नाही. कप्तान माझ्याकडे बघत राहिला. मी अजूनही त्याला निळंशार पाणी दाखवत होते.

उतारू वाचले. धाकटाही वाचला, पण इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात सापडलेला त्याचा उजवा हात गेला. तो पुन्हा लाँचवर आला नाही. तीही नाही.

आता माझा आवाज सुरू आहे, खोलीचा आकडाही ठळक दिसतो. कप्तान माझ्यावरून नजर हलवत नाही. मला याचीच जास्त धास्ती वाटते. काल समोरून एक लहान लाकडी होडी आली. असल्या होड्या मला दिसत नाहीत. होडीवाला ओरडला, तेव्हा कुठे कप्तानाने मान वर केली. थोडक्यात निभावलं.

मित्रांनो, मी बोलते तेव्हा मला गप्प करू नका. पण मी गप्प असले म्हणून सगळं ठीक आहे, असंही समजू नका. काचेबाहेर बघा. आमच्या कप्तानाला हे कोणीतरी सांगा. माझ्याजवळ त्यासाठी आवाज नाही.