दाराबाहेरचं बोलणं

यंत्र असो की जनावर, नीट कान देऊन ऐकलं की बिघाड आपोआप कळतो, असं लिफ्टवाल्यांचं ठाम मत होतं. ते लिफ्ट दुरुस्त करत, म्हणून इमारतीत सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. ज्या इमारतीत ते राहत होते तिला मात्र लिफ्ट नव्हती, आणि हे त्यांना रोज कोणीतरी ऐकवायचंच. ते मनावर घेत नसत. आपल्यापुढे हट्ट धरून बसलेली लिफ्ट अजून जन्माला यायची आहे, असं ते छाती ठोकून सांगत. ते खरंही होतं.

बटन ही त्यांची कुत्री त्यांना कामावरच सापडली. एका दवाखान्याच्या लिफ्टखाली जो खड्डा असतो, त्यात ग्रीसने माखलेलं मुठीएवढं पिल्लू भिंतीला चिकटून थरथरत होतं. लिफ्टवाले काठावर पालथे पडले आणि तिच्याशी बोलू लागले. लिफ्टमध्ये माणसं अडकली की ते असंच करत, आधी आवाज द्यायचे आणि मग हत्याराला हात लावायचे. तुम्ही कुठले, मुलं किती, आज जेवायला काय होतं, असं काहीही विचारत राहायचे. आतल्या माणसाचा श्वास ताळ्यावर यायचा. पिल्लूही बोलता बोलता त्यांच्या हाताशी आलं. घरी आंघोळ घातल्यावर ग्रीस गेलं, पण नाक काळं ते काळंच राहिलं, कोटाच्या बटनासारखं. नाव ठरवायला वेगळी बैठक लागली नाही.

बायको छापखान्यात पहाटेच्या पाळीला जायची. तिच्यानंतर लिफ्टवाले निघायचे आणि दुपारपर्यंत बटन घरी एकटी असायची. आणि ते निघाले रे निघाले की ती असा गळा काढायची की जिना दणाणून जायचा.

खालच्या मजल्यावर सिस्टर राहायच्या. रुग्णालयात त्यांची कायमची रात्रपाळी, म्हणजे लोकांची सकाळ ती त्यांची रात्र. बाई स्वभावाने भांडखोर नव्हती, म्हणून तर तिची तक्रार जास्त लागली. "औषध मोजताना काल माझा हात थरथरला," एवढंच त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या.  त्यावर उत्तर बायकोने दिलं. शनिवारपर्यंत ओरडणं थांबलं नाही, तर बटन साडूच्या गोदामावर जाईल, असं तिने सांगून टाकलं. साडूला राखणीला कुत्रं हवंच होतं. तिथे साखळी होती आणि पत्र्याचा आडोसा होता. बायकोलाही पिल्लाचा लळा होता, पण दुसऱ्याच्या झोपेवर आपले लाड पोसणं तिला पटत नव्हतं.

 पण हार मानतील ते लिफ्टवाले कसले. त्यांनी रेडिओ लावून पाहिला. आपला घामट शर्ट तिच्या झोपायच्या टोपलीत घालून पाहिला. चघळायला दोरीची गाठ करून दिली, तिचे बटनने धागे केले आणि धागे चघळत ओरडली. एक उपाय मात्र त्यांनी कधी सोडला नाही. निघताना ते तिला कुरवाळत, मी जाऊन येतो म्हणून समजावत. दार ओढून घेतलं की बाहेर गुडघे टेकून, फटीला तोंड लावून पुन्हा बोलत. घाबरायचं नाही, मी आहे, आलोच. ओरडणं वाढलं तसं त्यांनी बोलणंही वाढवलं.

गुरुवारी सिस्टरची पाळी लांबली. जिना चढताना वरून आवाज आला म्हणून त्या आणखी एक मजला वर गेल्या, तर लिफ्टवाले दारापुढे ओणवे झालेले. त्या कठड्याला टेकून पाहत राहिल्या. बोलणं संपवून लिफ्टवाले उठले आणि आत टाहो सुरू झाला.

"दादा, हे तुम्ही रोज करता?"

"रोज. त्याशिवाय घाबरते ती."

"आमच्या वॉर्डातल्या पोरांचे आईबाप असेच. निघतो म्हणतात आणि दारातून चारदा वळून बघतात. पोर मग विचारात पडतं, की हे लोक एवढे का घाबरलेत." सिस्टर थकल्या होत्या, म्हणून सरळ बोलल्या. "अडकलेल्याला धीर द्यावा, कबूल. पण ती तर आपल्या घरात होती. ती अडकलीय हे तिला तुम्हीच रोज सांगता."

लिफ्टवाल्यांना राग आला. जिना उतरेपर्यंत तो टिकला, मग उतरला. कान देऊन ऐकायचं म्हणणाऱ्या या गृहस्थाने त्या दारापाशी एकदाही तोंड मिटलं नव्हतं.

संध्याकाळी घरात तालीम सुरू झाली. नवरा-बायको दोघंही बूट घालत, पिशव्या उचलत, बाहेर जात, दार लावत आणि जिन्यात चोरांसारखी उभी राहत. मग काहीच न झाल्यासारखी आत येऊन बसत. पहिल्यांदा बटन दाराला भिडली. लिफ्टवाल्यांनी तोंड उघडलं तसा बायकोने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. शुक्रवारी तर बायको त्यांना हसतच बाहेर ओढत होती. हळूहळू बटनला या येरझाऱ्यांचा कंटाळा येऊ लागला. नंतर नंतर ती नुसता एक कान हलवायची.

शनिवारी लिफ्टवाल्यांनी पिशवी उचलली, मागे पाहिलं नाही, दार लावलं. फटीकडे त्यांचे गुडघे आपोआप वाकत होते. ते कठडा घट्ट धरून खाली आले. सिस्टर किल्ली हातात घेऊन आपल्या दारात थांबल्या होत्या. दोघंही वर कान लावून उभी राहिली. कुठेतरी नळ गळत होता. बाकी काही नाही.

सिस्टरच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. लिफ्टवाल्यांचे डोळे मात्र भरून आले, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"म्हणजे तिला माझं काहीच नाही," ते म्हणाले.

"तुम्ही परत येणार हे तिला ठाऊक आहे," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून झोपलीय. आता मीही झोपते."

त्या दिवशी लिफ्टवाले बायकोच्याही आधी घरी आले. दार उघडलं तर आत धावपळ नाही, रडारड नाही. बटन टोपलीतून उठली, मागचे पाय ताणून आळस दिला, लिफ्टवाले नुसते शेजारच्या खोलीतून आले असावेत तशी जवळ आली, आणि त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून पुन्हा झोपली. लिफ्टवाले पिशवी खांद्यावरून न उतरवता तसेच उभे राहिले, बायको येईपर्यंत, एक शब्दही न बोलता.